बसणारा कुत्रा

आधी आजींचं लिहिते, म्हणजे बाकीचं लिहिताना हात थांबलाच तर निदान तेवढं तरी कागदावर आलेलं असेल. आजी म्हणजे मी जिथे राहून काम करते त्या घरातल्या दादांच्या आई. माझ्या नात्यागोत्यातल्या नव्हेत. गावं मात्र आमची एकाच तालुक्यातली, मधे फक्त एक खाडी. एका रविवारी सकाळी, प्लास्टरमधला हात पोटाशी धरून, त्यांनी सगळ्यांसमोर एक वाक्य म्हटलं. त्या वाक्यामुळे माझं काम राहिलं, त्यांच्या खोलीतली माझी गादी राहिली, आणि गावाला आईला "मी परत येतेय" म्हणून फोन करायची वेळ आली नाही. ते वाक्य खोटं होतं. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं.

आता झालं काय ते.

आमचं घर मरोळला, सातव्या मजल्यावर. "आमचं" असं मी इतक्या वर्षांत सवयीने म्हणते. दादा एका कंपनीत हिशेबनीस, वहिनी बँकेत, मुलगा शिकायला बाहेरगावी. दिवसभर घरात आजी आणि मी. आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून दुपारी पेपर मी मोठ्याने वाचते. आठवीनंतर माझं दप्तर धाकट्या बहिणीकडे गेलं, कारण लहान भावंडांना बघायला घरी कोणी नव्हतं. तेव्हापासून वाचायचा संबंध सुटला होता तो या घरात परत आला. सुरुवातीला जोडाक्षर आलं की मी अडखळायचे, आणि आजी भाजी निवडता निवडता मान न उचलता तो शब्द पुरा करायच्या. हसल्या कधीच नाहीत. आज हे लिहिता येतंय ते त्या दुपारींमुळे.

दादांना साखर निघाली तिथून कुत्र्याचा विषय सुरू झाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दुसऱ्या कोणाला असं सांगितलं असतं तर त्याने चार दिवस टाळलं असतं आणि विसरला असता. दादा घाबरले. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते घरी बसले, आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. दादा तेव्हा कॉलेजात होते. ती लाकडी खुर्ची अजून आजींच्या खोलीत खिडकीपाशी आहे. आजी तिच्यातच बसतात, दादा त्या खुर्चीवर कधी बसत नाहीत. हे मला कोणी सांगितलेलं नाही, झाडू मारता मारता दिसलेलं आहे.

दादांनी महागातले चालायचे बूट आणले, मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि तीन दिवस सकाळी खाली उतरले. त्यातले दोन दिवस इडलीवाल्यापर्यंत. मग कोणीतरी ऑफिसात सांगितलं की घरात कुत्रा असला की माणसाला झक मारत चालावं लागतं. झालं. रोज रात्री जेवताना ताटाशेजारी मोबाईल, आणि त्यात कुत्रे. लॅब्रेडॉर नको, तो आपल्यासारखाच सुटतो. हस्की मुंबईच्या उकाड्यात ठेवणं म्हणजे पाप. पगला धड श्वास घेता येत नाही, तो आपल्याला काय पळवणार. असं करत करत ते कारवानपाशी येऊन थांबले. आपल्या मातीतला कुत्रा, धनगरांबरोबर माळावर राहणारा, ससा पळून पकडणारा. लांब पाय, बारीक कंबर, नुसता धनुष्यासारखा. दादा म्हणाले, माणसाने आपल्याला शोभेल असा कुत्रा घ्यावा.

वहिनींनी आमटी वाढता वाढता विचारलं, "शोभेल असा की जमेल असा?"

दादा चिडले नाहीत, फक्त म्हणाले की तुझा कधी माझ्यावर विश्वास होता. वहिनींनी स्वतःचं सांगून टाकलं की कुत्रा आणा, पण माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवू नका. माझ्याकडून ठेवायची की नाही हे कोणी बोललं नाही. मी पोळ्या करत होते.

बोरिवलीला खाडीच्या बाजूला एक बाई राहतात. लोकांनी सोडलेले कुत्रे त्या आपल्याकडे ठेवतात आणि चांगलं घर बघून देतात, फुकट, पण खूप चौकशी करून. पूर्वी त्या एका इस्पितळात परिचारिका होत्या. त्यांच्याकडे दोन वर्षांचा एक कारवान होता. फ्लॅटमध्ये झेपला नाही म्हणून कोणीतरी परत आणून दिलेला. दादांनी फोन लावला तेव्हा स्पीकर चालू होता आणि आम्ही सगळे दिवाणखान्यात होतो.

त्या बाईंनी आधी कुत्र्याचं काहीच सांगितलं नाही, घराचं विचारलं. कोण किती वाजता बाहेर पडतं, कोण किती वाजता येतं, रविवारी काय करता, शेवटचं पायी लांब कधी गेला होतात. दादा म्हणाले की मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो.  त्यावर बाई म्हणाल्या की तुमच्या घरासाठी माझ्याकडे दुसरा एक आहे. नऊ वर्षांचा, आखूड पायांचा, भुरा. मालक परदेशी गेले, हा मागे राहिला. सकाळ-संध्याकाळ खाली एक फेरी, बाकी जेवण, झोप आणि खिडकी. घरात वयस्कर माणूस आहे ना, त्यांच्या पायाशी पडून राहील. तिथल्या तिथे त्यांनी त्याचा फोटोही पाठवला.

आजींनी फोटो डोळ्यांशी नेला, मग मला मोठा करायला लावला. चपटं तोंड, एक कान उभा, एक पडलेला, आणि कोणाची तरी वाट बघून कंटाळलेला चेहरा. आजी हसल्या. घरातल्यांशी त्या मालवणीतच बोलतात.

"माका ह्यो बसणारो कुत्रो व्हयो," त्या दादांना म्हणाल्या. "घरात सगळे बसणारे. मगे धावणारो कित्याक आणतंस?"

दादांचा चेहरा उतरला. बसणारा हा शब्द त्यांना कुठे लागला ते मला त्या खुर्चीमुळे कळलं. त्यांनी हाताने आजींना थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाले की नाही, मला कारवानच हवाय, मी वेळ देणार आहे.

तेव्हा बाई म्हणाल्या, "घरात कामाला कोणी असेल तर त्यांना द्या जरा फोन."

हे त्या का म्हणाल्या ते मला खूप नंतर, त्यांनीच मोबाईलवर टाकलेल्या एका मजकुरातून कळलं. इस्पितळात त्यांची रीत होती की पथ्याचं पेशंटला विचारायचं नाही, त्याच्या उशाशी बसणाऱ्याला विचारायचं. पण त्या वेळी मला वाटलं की माझी काही चूक झाली. हाताला पीठ होतं, मी फोनपासून वीतभर लांब उभी राहिले. त्यांनी विचारलं, साहेब खरंच रोज चालायला जातात का. दादा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मुलगा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बघायचा तसे.

या घरात आल्यापासून फोनवर आणि दारात घराच्या बाजूने बोलणं हे माझ्या कामातच आहे. वर्गणीवाले आले की दादा आत्ताच बाहेर पडले. वहिनींच्या नात्यातल्या कोणाचा फोन आला की वहिनी आंघोळीला गेल्यात. ते मला खोटं वाटतच नाही, जसा दाराला आतून खटका लावतो तसंच ते. विचारणारा बाहेरचा, आपण आतले. त्या दिवशीही मी तोच खटका लावला.

"हो. रोज जातात," मी म्हणाले. "पाचला उठतात. मी उठते तेव्हा दारात बूट नसतात."

नुसतं हो म्हटलं असतं तर त्या बाईंनी कदाचित विश्वास ठेवला नसता. बुटांचं मी मनानेच घातलं, आणि तेच त्यांना पटलं. "मग ठीक आहे," असं त्या म्हणाल्या आणि दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हणतात तशी. मला बरं वाटलं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

आजी तोवर उठून आपल्या खोलीत गेल्या होत्या.

कुत्रा आला. सुकलेल्या गवताच्या रंगाचा, कमरेएवढा उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दादांनी त्याला इतिहासातलं एक भारदस्त नाव ठेवलं. घरात शिरून तो प्रत्येक खोलीच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत फिरला, जणू घर इथेच संपतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग दाराशी उभा राहिला. आजी लांबूनच म्हणाल्या, "पावणो चुकान आयलो."

दादांनी नऊ दिवस त्याला फिरवलं. मी मोजले असं नाही, पण ते रोज संध्याकाळी सगळ्यांना सांगत होते, आज पाचवा, आज सहावा. खरंच मनापासून करत होते. घामाघूम होऊन यायचे आणि आजींच्या दारात उभे राहून सांगायचे की आई, आज मी एवढं चाललो. दहाव्या दिवशी गुडघा सुजला. मग ऑफिसात वर्षअखेरीचं काम आलं. मग एका सकाळी वहिनी म्हणाल्या की तू दूध आणायला जातेसच ना खाली, याला घेऊन जा. त्या दिवसापासून तो माझ्याकडे आला. बूट दारात तसेच राहिले, मी त्यांच्यावरची धूळ पुसत असे.

मी साडेचारला उठू लागले. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या गल्ल्या त्या वेळी रिकाम्या असतात. शटर बंद, ट्रक लावलेले, एखादा रखवालदार खुर्चीत गुंडाळून बसलेला. प्रत्येक गेटचे आपापले कुत्रे आणि त्यांची हद्द. मी एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात छत्रीचा मोडका दांडा घेऊन चालायचे. एक रखवालदार रोज तेच विचारायचा, याला उपाशी ठेवता काय घरात. मी रोज तेच सांगायचे की काका, याची जातच अशी. तो म्हणायचा, मग तुझीपण तीच जात दिसतेय.

कुत्र्याला मांजर दिसलं की माझा खांदा निखळायचा. तळहाताला पट्ट्याने आधी फोड आले, मग आडवा घट्टा पडला. तरीही ती सकाळची वेळ मला आवडू लागली होती, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत पिशवी न घेता मी घराबाहेर पडलेच नव्हते. गावाला शाळेत जायला दोन टेकड्या ओलांडाव्या लागत. उतारावर आम्ही मुली दप्तर छातीशी धरून धावायचो. माझ्या पायांना हे आठवत होतं याचा मला पत्ताच नव्हता.

पण त्याला चालणं नको होतं, त्याला धावायचं होतं. माझ्याकडे सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा अर्धा. त्यात नाश्ता, डबे, आजींच्या गोळ्या. आठवड्यातून एकदा, वहिनींना सुट्टी असली की, मी त्याला आरेच्या बाजूला घेऊन जायचे. तिथे एका बंद गोठ्याच्या मागे भिंत घातलेली मोकळी जागा होती. कपडे वाळत घालायची लांब दोरी मी त्याच्या गळपट्ट्याला बांधायचे आणि सोडायचे. तो एकदम खाली वाकल्यासारखा व्हायचा आणि मग दिसायचाच नाही, नुसती गवताची रेघ हलायची. चार-पाच फेऱ्या मारून माझ्यापाशी येऊन उभा राहायचा, तेव्हा त्याची छाती माझ्या मांडीला लागून धडधडत असायची. मला त्याची भीती वाटायची नाही. तो सुटून हरवला तर मी घरी काय तोंड दाखवू, याची वाटायची. त्या पाच मिनिटांत मी एवढी घाबरलेली असायचे की त्याचं धावणं मी धड बघितलंसुद्धा नाही.

बाकीचे सहा दिवस तो घरात येरझाऱ्या घालायचा. सोफ्याची एक बाजू खाल्ली. वहिनींची चप्पल, पडद्याची झालर, दाराच्या चौकटीचं लाकूड. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की वर दिवसभर नखं वाजतात. दादा त्याला ओरडायचे, मग पश्चात्ताप होऊन बिस्किटं द्यायचे. आजी मात्र त्याच्यावर कधी चिडल्या नाहीत. मला म्हणायच्या की ह्याका कित्याक मारतत, गरीब जीव, ह्याचा काय चुकला. दुपारी पेपर वाचून झाला की त्या मला माझ्या मोबाईलवर मागवून घेतलेला तो फोटो उघडायला लावायच्या, भुऱ्या कुत्र्याचा. बघायच्या आणि मोबाईल परत द्यायच्या. एकदा म्हणाल्या की ह्यो असतो तर माझ्या पायाकडे असतो. पायाशी गार लादी असते ना, तिथे. बस, एवढंच. त्यांनी कधी हट्ट केला नाही. मला वाटतं, नवरा गेल्यापासून त्या खोलीत त्यांच्याबरोबर नुसतं बसून राहणारं कोणी नव्हतंच. मीही कधी बसत नाही, मला सारखं काहीतरी करायचं असतं.

मग मला ताप आला. श्रावण होता, तापाची साथ होती, चार दिवस मला उठवेना. कुत्र्याला कोणीतरी सकाळी खाली कंपाउंडमध्ये नेऊन पाच मिनिटांत वर आणत होतं. दुसऱ्या रात्रीपासून तो दाराशी पडून कण्हत होता. मला ते गादीवर ऐकू यायचं. उठायला हवं असं वाटायचं, आणि त्या वाटण्यातच डोळा लागायचा.

चौथ्या दिवशी सकाळी, दादा-वहिनी कामावर गेल्यावर, इस्त्रीवाल्याने बेल वाजवली. मी उठतेय तोवर आजी दारापाशी पोचल्या होत्या. मला आवाज द्यायचा नव्हता त्यांना, मी झोपलेय असं समजून. दार उघडलं, समोर पॅसेजमध्ये शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं. कुत्रा सुटला. आजींनी त्याचा गळपट्टा धरला. सोडायला हवा होता, पण तो रस्त्यावर जाऊन गाडीखाली येईल असं त्यांना वाटलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी बाहेर आले तेव्हा आजी उंबऱ्यावर पडलेल्या होत्या, उजवा हात अंगाखाली, आणि इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन तसाच उभा. त्यांच्या तोंडून आवाज नव्हता. मला बघून म्हणाल्या, "आधी त्याका बघ."

खाली वॉचमनने गेट लावून घेतलं होतं. कुत्रा स्कूटरांच्या मागे कोपऱ्यात उभा राहून थरथरत होता. मला बघून स्वतःच आला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. त्या वयात नीट जुळेल याची खात्री नाही, डॉक्टर म्हणाले. दादा संध्याकाळी आईच्या खाटेपाशी खूप वेळ उभे होते. मग बाहेर येऊन बोरिवलीला फोन केला की तुमचा कुत्रा वेडा आहे, घेऊन जा.

बाई रविवारी आल्या, एका छोट्या टेम्पोने. तोवर मी त्यांना बघितलं नव्हतं. बारीक, पांढरे कापलेले केस, पायात रबरी चपला. आत यायच्या आधी त्या दारातच वाकल्या. चपलांच्या स्टँडवरचा दादांचा एक बूट उचलला आणि उलटा केला. तळाच्या खाचा नव्यासारख्या होत्या, आणि दुकानाची चिकटपट्टी अजून अर्धी तिथेच.

त्यांनी तो बूट हातात धरूनच दिवाणखान्यात आणला. दादांना विचारलं की हा रोज पाच किलोमीटर चाललेला बूट का. दादा खिडकीपाशी गेले. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"तूच सांगितलं होतंस ना मला? दारात बूट नसतात म्हणून?"

 दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला काय विचारताय. ती काहीही बोलते."

दादा वाईट माणूस नाहीत. मला पहिला मोबाईल त्यांनी घेऊन दिला. माझ्या बहिणीच्या लग्नाला ते गावापर्यंत आले होते, आणि आमच्या पडवीत सगळ्यांबरोबर जेवले. म्हणूनच ते वाक्य मला इतकं लागलं असेल. वहिनी म्हणाल्या की घरात राहणाऱ्या माणसानेच असं खोटं बोलायचं म्हणजे कठीण आहे, आता दुसरी कोणी बघावी लागेल. त्या आवाज न चढवता म्हणाल्या. मला आईची पडवी दिसली, आणि तिथे पिशवी घेऊन उभी असलेली मी.

आजी खोलीतून कधी आल्या ते कळलंच नाही. प्लास्टरचा हात पोटाशी, पदर एका बाजूने सुटलेला. बाहेरच्या माणसाशी बोलताना त्या शुद्ध बोलतात. अगदी सावकाश म्हणाल्या, "तिला मीच तसं सांगायला लावलं होतं. मला कुत्रा हवा होता घरात. तिचा काही दोष नाही."

 फोनच्या वेळी तिथे कोण कोण होतं ते दादांना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. आजींना कुठला कुत्रा हवा होता तेही माहीत होतं. खरं सांगायचं तर दादांनाच सांगावं लागलं असतं. ते खिडकीपाशीच उभे राहिले.

बाईंनी बूट खाली ठेवला. त्या आजींना जे बोलल्या ते सगळं मी लिहिणार नाही. या वयात एका मुक्या प्राण्यासाठी खोटं बोलवलंत, कामाच्या मुलीच्या तोंडून, तुम्हाला काही वाटलं नाही का, असं. तुमच्या हाताचं मला वाईट वाटतं, पण त्याचं आता काय होईल याचा विचार केलात का. दोनदा परत आलेल्या कुत्र्याला कोणी नेत नाही. या घरात मी हयात असेपर्यंत दुसरा कुत्रा येणार नाही, आणि मी इतरांनाही सांगून ठेवीन. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त जवळच्या एका खुर्चीच्या पाठीला आधारासाठी हात लावला.

कुत्र्याला खाली न्यायला मला सांगितलं. तो खुशीत निघाला, त्याला वाटलं आम्ही फिरायला चाललोय. टेम्पोत तो एका उडीत चढला. मी पट्टा बाईंच्या हातात द्यायला पुढे केला तेव्हा त्यांनी माझा तळहात धरला आणि उलटा करून बघितला. तो घट्टा त्यांना दिसला. अंगठा त्यावरून फिरवला, परिचारिका फिरवतात तसा.

"तू फिरवत होतीस याला," त्या म्हणाल्या. "मग तिथे वर काय चाललं होतं? खरं काय ते सांग. मी कोणाला सांगणार नाही."

तिथे आम्ही दोघीच होतो. टेम्पोवाला पान खायला गेला होता. माझ्यावर कोणाची नजर नव्हती. त्या थांबल्या, पुरेशा थांबल्या. दादांना कुठून कळलं तर, बाई उद्या फोन करून बोलल्या तर, वहिनी कोणालातरी विचारत असतील तर, हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं.

मी म्हणाले, "आजींनीच सांगितलं होतं."

त्यांनी हात सोडला.

वर आले तेव्हा आजी खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी लादीवर बसले आणि रडले. खाली मी काय बोलून आले ते मात्र सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. त्या डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत राहिल्या.

"रडतंस कित्याक, चेडवा?" त्या म्हणाल्या. "माका कोण कामावरसून काढतलो?"

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. आजींचं मनगट वाकडंच जुळलं. त्यांना वेणी घालता येत नाही, ती मी घालते. देवाला हात जोडताना दोन तळवे एकमेकांवर नीट बसत नाहीत, उजवा जरा बाहेर जातो. दादा आता आजींशी फार जपून बोलतात आणि कमी बोलतात. घरी आले की आधी आपल्या खोलीत जातात. त्या रविवारचा विषय घरात निघत नाही. बूट मी माळ्यावर टाकलेत. वहिनींनी दुसरी कोणी बघितली नाही.

बाईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्या रोज आपल्या कुत्र्यांचे फोटो टाकतात. कारवान अजून त्यांच्याकडेच आहे. त्याला कुंपणातली मोकळी जागा मिळाली, पण घर मिळालं नाही. एका फोटोत तो कुंपणाच्या तारेपाशी उभा आहे, पलीकडे खाडी. त्याच फोटोत मागे, पत्र्याच्या सावलीत, तो भुरा पडलेला दिसतो. एक कान उभा, एक पडलेला. तोंड आता जास्त पांढरं. आजींना मी तो फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि विचारलं की ह्याका कोणी न्हेल्यानी नाय अजून. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, बरा.

मी त्या बाईंना कितीतरी वेळा लिहायला घेतलं. आजी तेव्हा खरं बोलत नव्हत्या, एवढंच वाक्य. दरवेळी खोडलं. हे लिखाण कुठे छापून आलं आणि दादांच्या हातात पडलं तर काय, ही धास्ती हे लिहितानासुद्धा आहेच. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला दुसरं घर मिळत नाही असं नाही. पण मला हे एकच घर माहीत आहे, आणि आजी या घरात आहेत.

मी मनाशी ठरवून ठेवलंय. त्या बाईंच्या दारात मी जाईन, बोरिवलीला, आणि पहिल्यापासून सगळं सांगेन. खाली टेम्पोपाशी जे म्हणाले तेही. मग त्या विचारतील की तुमच्या घरात रोज कोण किती चालतं. मी सांगेन की कोणी चालत नाही बाई, सगळी बसणारी माणसं आहेत, आणि खिडकीपाशी एक खुर्ची आहे. त्यांनी विश्वास ठेवला तर तो भुरा कुत्रा मी कडेवर घेऊन येईन आणि आजींच्या पायाशी गार लादीवर ठेवीन. तो तेव्हाच नऊ वर्षांचा होता. आजी ऐंशीच्या झाल्या. मला हे लवकर करायला हवं, आणि मी ते करीन.